साडेसहा मिलिमीटर

गिटार बघायला वर्कशॉपमध्ये आलेला माणूस पहिल्यांदा लाकडाचं विचारतो. बॉडी उलटी करतो, बोटाच्या पेरानं टकटक करतो, "सागवान का?" म्हणतो. मी हो म्हटलं की मान डोलावतो, आणि आवाजाविषयी जे ठरवायचं ते त्यानं तिथंच ठरवलेलं असतं. अजून केबलही लावलेली नसते. गेल्या बारा वर्षांत माझ्या हातून सव्वीस इलेक्ट्रिक गिटार झाल्या आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बोलणं याच प्रश्नापासून सुरू झालं. उभ्या उभ्या त्याचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

मी मूळचा पॅटर्नमेकर, कोल्हापूरचा. फाउंड्रीच्या बाहेर हा शब्द फारसा कुणाच्या कानावर पडत नाही. लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करावा लागतो, आणि तो उठवायला त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. तो पॅटर्न. पंपाची बॉडी, मोटारीचं कव्हर, गिअरबॉक्सचं हाउसिंग, सगळं आधी लाकडात होतं आणि मग लोखंडात. आण्णांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं हेच केलं. रंधा, पटाशी, कॅलिपर मी त्यांच्याकडून शिकलो. गिटार मात्र मला कुणी शिकवली नाही, ना वाजवायला ना बनवायला.

हे वेड लागलं क्वीन या इंग्लिश रॉक बँडमुळे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला खेचून घेतलं ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुरळ्या केसांच्या ब्रायन मेनं आणि त्याच्या गळ्यातल्या लाल गिटारनं. त्या गिटारचा आवाज मी ऐकलेल्या दुसऱ्या कुठल्याच गिटारला नव्हता. सूर लांबत जायचा, वाटेत रंग बदलायचा, मधेच माणसाच्या गळ्यासारखा नाकातून निघायचा. ती गिटार कुठल्याही कंपनीची नाही, त्यानं ती वडिलांबरोबर घरी केली आहे, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. त्यानंतर कित्येक रात्री मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत बसलो.

ऑगस्ट १९६३. ब्रायन सोळा वर्षांचा. फेंडर कंपनीची गिटार घ्यायची घरची ऐपत नाही. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, हातानं वस्तू घडवणारे. बापलेकांनी कामाला सुरुवात केली आणि पुढची दोन-एक वर्षं ते त्यात होते. गिटारची मान त्यांनी कोरली ती एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. त्या लाकडाला कीड लागली होती. किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनिअर. ट्रेमोलोला, म्हणजे दांडा दाबून सूर वरखाली हलवायच्या यंत्रणेला, ताण द्यायला मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. तो ज्या धारेवर डोलतो ती जुन्या सुरीच्या पात्याची. ट्रेमोलोचा दांडा सायकलच्या सॅडलबॅगच्या आधारातून काढलेला, त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे मानेवर बोटं दाबायच्या पट्टीवरचे, पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, हातानं घासून गोल केलेली.

हीच गिटार गळ्यात अडकवून ब्रायन मे जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहिला.

मी हे सगळं आण्णांना जेवताना सांगत होतो. त्यांना क्वीनशी काही देणंघेणं नव्हतं. पण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांपाशी त्यांचा घास थांबला. "व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हितं किलोवर मिळत्यात की," म्हणाले. "करून बघ."

एवढीच परवानगी हवी होती.

पहिल्या गिटारची बॉडी सागवानाची केली, कारण वर्कशॉपमध्ये सागवानच होतं. एका पाडलेल्या वाड्याची तुळई होती, आत तीन हातघडाईचे खिळे निघाले आणि त्यातल्या एकानं रंध्याचं पातं खाल्लं. मानेलाही तेच लाकूड. फ्रेटबोर्डला शिसवीची पट्टी. शिसव म्हणजे तीच, जिला गिटारच्या जगात इंडियन रोझवूड म्हणतात. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तसं १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं तिच्यावर मदार ठेवली, आणि आज जगभरच्या गिटारवर आपली शिसव असते. आमच्याकडे ती आजीच्या जुन्या पलंगाच्या पायांत होती.

फ्रेट, म्हणजे पडदे, कुठं बसवायचे याचा हिशेब साधा आहे. तार दोन टेकूंवर ताणलेली असते, मानेच्या टोकाला नट आणि बॉडीवर ब्रिज. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ठरवायची. मी फेंडरची ६४८ मिलिमीटर घेतली. तिला १७.८१७ नं भागायचं. ३६.३७ आलं, तिथं पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, दुसरा पडदा. असं करत बाविसाव्यापर्यंत जायचं. बारावा बरोबर मधोमध यायला हवा, ३२४ वर. दोन संध्याकाळी बसून मी सगळ्या रेघा मारल्या. बारीक करवतीच्या दात्यांचा फाक ऑइलस्टोनवर घासून कमी केला, म्हणजे खाच पडद्याच्या तंगाएवढीच, लाकडात रुतणाऱ्या पात्याएवढीच, पडेल. काम इतकं सुबक झालं होतं की आण्णांनी उलटसुलट करून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात ते कौतुकच.

तारा चढवल्या. मोकळी तार सुरात. बारावा पडदा दाबला की चढलेला. सहाही तारांवर. ट्यूनर सतरा सेंट दाखवत होता. दोन पडद्यांमधलं अंतर शंभर सेंटचं असतं, म्हणजे सतरा हा कानाला सरळ खुपणारा फरक. ब्रिजवर तार जिथं टेकते ते सॅडल मागे मागे नेत शेवटपर्यंत नेले, तरी उतरेना. तीन दिवस मी तारा बदलत होतो, नट घासत होतो, मानेतला ट्रस रॉड पिळत होतो.

चौथ्या दिवशी आण्णांनी आपली पट्टी आणून फ्रेटबोर्डवर ठेवली. "बारावा तीनशे चोवीसला पायजे म्हणालास न्हवं? हितं तीनशे सव्वासत्तावीसला हाय." मग माझ्या हातातली पट्टी घेऊन त्यांनी ती आपल्या पट्टीशेजारी धरली. "लोखंडाची पट्टी घेतलीस तू."

वितळलेलं लोखंड साच्यात थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी गणित करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरकडे वेगळी श्रिंकेज पट्टी असते, तिचा मिलिमीटरच एक टक्क्यानं मोठा असतो. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्या. मी पडद्यांच्या रेघा श्रिंकेज पट्टीनं मारल्या होत्या आणि ब्रिजची भोकं साध्या पट्टीनं. सगळे पडदे एकमेकांच्या प्रमाणात अगदी बरोबर होते. तारेचं दुसरं टोक तेवढं साडेसहा मिलिमीटर अलीकडे आलं होतं.

ब्रिजची भोकं सागवानाच्या खुंट्यांनी बुजवली, नवी भोकं साडेसहा मिलिमीटर मागे पाडली. गिटार सुरात आली. तिची लांबी झाली ६५४.५ मिलिमीटर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गिटारची लांबी तीच आहे. त्याच पट्टीवरून केलेलं पितळी टेम्प्लेट भिंतीवर टांगलंय. लांबी एक टक्का वाढली की त्याच सुराला ताण दोन टक्के जास्त लागतो. वाजवणाऱ्या दहांतल्या दोघांना बोटाला ते जाणवतं. मला जाड ई तार त्या ताणावर आवडते, तिचा खर्ज जरा आवरलेला राहतो.

त्या चार दिवसांत माझं लक्ष लाकडावरून उठलं आणि तारेच्या दोन टोकांवर जाऊन बसलं. ते अजून तिथंच आहे.

त्यानंतर पिकअप. विकतचा चांगला पिकअप तेव्हा माझ्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून स्वतः गुंडाळायचा ठरवला. पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादाची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. सगळीकडे लिहिलं होतं, ४२ गेजची तार, सात-आठ हजार वेढे. मी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेलो, ४२ गेज मागितली, त्यांनी दिली. बॉबिन तीन हजारांच्या आसपास वेढ्यांतच काठोकाठ भरला. मीटर लावला तर ९०० ओहमसुद्धा नाही, पाहिजे होते सहा हजारांच्या जवळपास. आवाज दूरच्या रेडिओसारखा.

गेजचीही दोन मापं आहेत. पिकअपवाले बोलतात ते अमेरिकन गेज, त्यात ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्या रिवायंडिंगच्या दुकानात चालतो तो ब्रिटिश गेज, त्यात ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. मला मागायला हवी होती ४६. केसाएवढी तार. पट्टीनं जे केलं तेच गेजनं केलं. कोल्हापूर-सांगलीत कुणी पिकअप करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, ४६ मागा.

वाइंडर मीच केला. शिलाई मशीनची मोटर, तिला पायाचं पेडल, आणि वेढे मोजायला इचलकरंजीच्या भंगारातून आणलेला यंत्रमागाचा पिक काउंटर. यंत्र झकास चालत होतं, हात चालत नव्हता. सुताराची बोटं राठ असतात. सहा हजार वेढे झाले की तार तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. असे सात बॉबिन वाया गेले. आठवा माझ्या बायकोनं गुंडाळला. ती ब्लाउज शिवते, दोरा बोटांतून किती सैल सोडायचा हे तिच्या हाताला कळतं. "बॉबिन घट्ट भरला की टीप ओढून येते, तसंच असणार हे," असं म्हणून तिनं एका बैठकीत ७८०० वेढे पुरे केले. तेव्हापासून आमचे सगळे पिकअप तिच्या हातचे आहेत. फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाच्या बाई १९५६ पासून पिकअप गुंडाळायच्या, त्यांच्या हातच्या पिकअपसाठी वादक रांग लावायचे. आमच्या हिला मी त्यांचा फोटो दाखवला. तिनं आधी त्यांची बोटं बघितली.

पिकअपची पहिली पैशाची ऑर्डर गिटारची नव्हती. गडहिंग्लजकडच्या एका बँजो पार्टीतला वादक आला. आपल्याकडे मिरवणुकीत, वरातीत वाजतो तो बँजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळांचा, पिकअप लावून मोठा केलेला. त्याला आवाज मोठा हवा होता. मी वेढे वाढवून साडेनऊ हजार केले. दोन वराती करून तो परत आला. "आवाज मोठा झालाय दादा, पण ताशात बुडतोय."

मी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. पिकअप आणि केबल मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला उचलून धरतात. साध्या सिंगल कॉइल पिकअपला नेहमीची केबल जोडली की ती जागा चार हजार हर्ट्झच्या आसपास येते, तिथं आवाजाची धार असते. वेढे वाढवले की एकूण आवाज वाढतो आणि ती जागा खाली सरकते. धार बोथट होते. ताशाच्या वरती निघायला मोठेपणा उपयोगाचा नाही, धार लागते. मी वेढे सात हजारांवर आणले. पुढच्या वरातीत तो समोरच्या चौकात असताना मला अलीकडच्या चौकात बँजोचा शब्द न् शब्द ऐकू आला. टोन या गोष्टीचा माझा पहिला खरा धडा ती वरात आहे. आज एखादा मुलगा येऊन "जास्त आउटपुटचा पिकअप द्या" म्हणाला की मी आधी विचारतो, कुणाबरोबर वाजवतोस?

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे वेल्डिंग चालतं. सिंगल कॉइल तिथं पन्नास हर्ट्झचा घुंऽऽ धरून बसते. त्यावरचा उपाय गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं १९५५ मध्ये काढला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, वेढ्यांची दिशा उलटी आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत एकसारखा येतो म्हणून जुळतो, बाहेरची गुणगुण उलटसुलट येते म्हणून मिटते. इतकी सुंदर युक्ती मी दुसरी पाहिली नाही. मात्र दोन कॉइल जोडल्या की ती धारेची जागा तीन हजार हर्ट्झच्या जवळ उतरते, आवाज गोल होतो. म्हणून मी दोन कॉइल वेगळ्या करायची कळ ठेवतो. ब्रायन मेच्या गिटारवर तर तिन्ही पिकअपना प्रत्येकी दोन कळा आहेत, एक चालू-बंदची आणि एक फेज, म्हणजे पिकअपच्या सिग्नलची दिशा, उलटवायची. तो नाकातला आवाज त्या दुसऱ्या कळेतून येतो. आधीचे पिकअप त्यानं स्वतः केले होते, पण तार बोटानं खेचली की ते खरखरायचे. शेवटी त्यानं बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक विकत आणले आणि ते मोठ्या आवाजात किंचाळू नयेत म्हणून आत ॲराल्डाइट भरलं. आम्ही मेण भरतो, पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं. काम तेच, वेढे हलू द्यायचे नाहीत.

आता लाकूड. पिकअपला फक्त पोलादाची तार कळते, लाकूड त्याला दिसत नाही. लाकूड तारेकडून ताकद काढून घेतं, आणि कुठल्या सुरावर किती काढून घेतं यातून जो काय फरक पडेल तो पडतो. मी तीन बॉडी केल्या होत्या, एक सागवान, एक तून, एक पॅटर्नसाठी आणलेला पाइन. तीच मान, तोच ब्रिज, तेच पिकअप, त्याच जाडीच्या नव्या तारा. केबल न लावता तिन्ही वेगवेगळ्या वाजल्या, अगदी आंधळ्यालाही सांगता येईल इतक्या. ॲम्पमधून रेकॉर्ड करून आठ दिवसांनी ऐकलं तर मला दोनदा चुकीची ओळखू आली. अमेरिकेत लेस पॉलनं १९४०च्या सुमाराला पाइनच्या चार इंची चौकोनी ठोकळ्यावर तारा ताणून गिटार केली होती, तिला गिटारचं रूप यावं म्हणून दुसऱ्या गिटारचे दोन अर्ध दोन्ही बाजूंना जोडले होते. तो ठोकळा वाजायचा ते अर्ध नसतानाही.

मानेच्या लाकडाविषयी मात्र मी हट्टी आहे. मान लवचीक असली की एखाद्या ठरावीक सुरावर ती स्वतःच थरथरू लागते आणि तेवढ्याच सुराची आस मरते. सतारवाले ज्याला आस म्हणतात तीच, सूर छेडल्यावर मागे उरणारी. माझ्या तिसऱ्या गिटारवर तिसऱ्या तारेचा सातवा पडदा असा मुका होता. गिटारच्या डोक्याला एक जी-क्लॅम्प आवळून बघितला तर तो सूर जिवंत झाला आणि शेजारचा मेला. वजन बदललं, म्हणून मानेची थरथर दुसऱ्या सुरावर गेली. आता मी मान तीन पट्ट्या चिकटवून करतो, मधली उलट्या रेषांची. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घेतलं नाही तर वर्षभरात सांधा सुटतो. आणि फळी दोन पावसाळे वर्कशॉपच्या माळ्यावर काढल्याशिवाय हातात घेत नाही. कोल्हापूरचा जुलै आणि कोल्हापूरचा एप्रिल ज्या फळीनं दोनदा सोसला ती पुढे फारशी हलत नाही. घाईत केलेल्या एका गिटारचे पडदे उन्हाळ्यात फ्रेटबोर्डच्या कडेनं बाहेर आले, वाजवणाऱ्याचं बोट कापलं. ती मी पैसे परत देऊन घेतली. समोर टांगलेली आहे.

तून लाकूड मला मिरजेमुळे मिळालं. ते महोगनीच्याच कुळातलं, सतारीला वापरतात. मिरजेची सतार आणि तानपुरा हे दीडशे वर्षांहून जुनं काम आहे, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. फळी घ्यायला मी पॅसेंजरनं गेलो होतो, आणि एक गिटार सोबत होती, कारण तिचं दुखणं मला सापडत नव्हतं. दुसरी तार मोकळी वाजवली की बारीक झिणझिण यायची. पडदा दाबला की गायब. मी नट दोनदा बदलला होता.

ज्यांच्याकडे फळी होती ते चाचा सत्तरीचे. तानपुऱ्याची जवारी काढत बसले होते. हाडाचा ब्रिज, त्याचा वरचा माथा कानशीनं दोन-तीन वेळा पुसायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत पुसायचं. मी गिटार काढली, तार छेडली. त्यांनी मान वर केली नाही. "ही तार तर जवारी करायलीय," म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला. तानपुऱ्याच्या ब्रिजचा माथा सपाटीला अगदी लागून असलेल्या उताराचा असतो. तार एका बिंदूवर संपत नाही, कंपताना त्या उतारावर पुढे-मागे टेकत राहते. त्या टेकण्यातून वरचे सगळे स्वर फुटतात, आणि एका तारेतून तो झळाळ येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या या ब्रिजवर शोधनिबंध लिहिला होता. तारेच्या नेहमीच्या नियमानं जे स्वर तिथं उमटायलाच नकोत ते उमटतात, असं त्यांना दिसलं होतं. माझ्या नटच्या खाचेत नेमकं तेच झालं होतं. मी खाच सपाट कोरली होती. तार पुढच्या कडेवर संपण्याऐवजी दीड मिलिमीटरभर टेकत होती. तिथं नकळत एक छोटी, वाईट जवारी झाली होती.

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. मी पाकिटातून वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या काड्या काढून दिल्या. नटच्या खाचांना मी त्याच वापरतो, आमच्या गल्लीत मिळतात, हव्या त्या जाडीच्या आणि कानशीसारख्या दातेरी. त्यांनी एक निवडली, खाचेत मागच्या बाजूला उतार दिला, सात-आठ हात मारले असतील. तार चढवली. झिणझिण गेली, आणि तेवढंच झालं नाही. मोकळ्या तारेचा सूर एकदम टोकदार, पुढे आलेला वाटला. "आमचं काम उघडायचं, तुझं काम बंद करायचं," ते म्हणाले. "कानस एकच. पण किती बंद केलंय ते तुला माहीत पाहिजे."

त्या वाक्यानंतर मी नट आणि सॅडल वेगळ्या नजरेनं घासू लागलो. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर फट बघायची, पाव मिलिमीटरच्या आसपास. मग खाचेचा उतार. पुढची कडच तार धरेल इतका, आणि तार मागे अडकणार नाही इतका. उंटाच्या हाडाचा तुकडा चाचांनीच दिला होता, तो पाच गिटारींना पुरला. या कामाला एका गिटारला माझे साडेतीन-चार तास जातात. बॉडीला पॉलिश करायलाही तेवढाच वेळ लागतो, पण पॉलिश दिसतं. चार तास नटवर गेले हे कुणाला दाखवून पटत नाही. फक्त गिटार हातात घेतल्यावर वाजवणारा पहिल्यांदा मोकळ्या तारा छेडतो आणि क्षणभर थांबतो. त्या थांबण्यासाठी मी हे काम करतो.

सध्या बाकावर सत्ताविसावी आहे. बॉडी तुनाची, मान वाड्याच्या चौकटीच्या सागवानाची, लांबी नेहमीचीच ६५४.५. जिला द्यायची ती मुलगी सतार शिकते आणि तिला गिटारवर सातवी तार हवी आहे, षड्जाची, सतत मागे वाजणारी. त्या एका तारेचं सॅडल तिला जवारीसारखं उघडं हवंय, बाकीच्या सहा बंद. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल कंपनीनं इलेक्ट्रिक सतार काढली होती, सपाट ब्रिजची. तिच्यावर वाजवायच्या सगळ्याच तारा झिणझिणतात. एकच तार उघडी आणि शेजारची बंद, हे मी कुठं पाहिलेलं नाही. पितळेच्या सॅडलवर मी हाडाची पट्टी बसवलीय आणि माथा साधारण आकाराला आणलाय. त्यापुढे माझा हात जात नाही.

चाचांना फोन केला तर म्हणाले, सोमवारी ये. सॅडल काढून खिशात घालून आणू नकोस, गिटार घेऊन ये, सातही तारा पूर्ण ताणावर चढवून. जवारी ताणाखालीच काढायची असते. आणि ॲम्प पण आण म्हणाले, तुमचा आवाज त्यातून येतो तर मला त्यातूनच ऐकायला पाहिजे.